खूण कोणती, मजकूर कोणता?

संकेतस्थळावरील नवें लिखाण वाचकाच्या यंत्राकडे पोंचविणाऱ्या पत्रकास ‘फीड’ म्हणतात. एचटीएमएल भाषेंत कोनदार कंसांतील ‘बी’ ही ठळक अक्षरांची खूण होय. समजा, हीच खूण शिकविणाऱ्या पाठाच्या शीर्षकांत ती आली. तर एक यंत्र ती जशीच्या तशी दाखवील, दुसरें ती गिळून पुढील शब्द ठळक करील, आणि पाठ कशाचा हेंच वाचकास कळणार नाहीं. २००२ सालच्या आरएसएस २.० मध्यें शीर्षकांतील अशा खुणेविषयीं स्पष्ट नियम नाहीं. २००५ सालच्या ॲटमनें मात्र साधा मजकूर, एचटीएमएल कीं एक्सएचटीएमएल, हें ‘टाइप’ या गुणानें सांगण्याची सोय केली. न सांगितल्यास साधा मजकूर समजावा. वाचणारानें तर्क करण्यापेक्षां लिहिणारानेंच आरंभीं सांगणें श्रेयस्कर.