घर सोडणारी मुले : धोका नेमका कोठे असतो?

पुणे-नगर हमरस्त्यावरील सुपा गावातून एस.टी. गाड्या, ट्रक आणि टेम्पो दिवसरात्र जात असतात. औद्योगिक वसाहतीमुळे परगावच्या माणसांची ये-जाही मोठी आहे. रागाच्या भरात घराबाहेर पडलेला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा येथून दोन-अडीच तासांत पुण्याला पोहोचू शकतो. अशा गावांतील शिक्षकांनी घर सोडणाऱ्या मुलांविषयीचे संशोधन समजून घेणे अगत्याचे आहे.

मोजणीतील अडचण

अशी मुले किती? पोलिसांच्या नोंदींवरून याचे उत्तर मिळत नाही. अमेरिकेत १९९९ साली घरोघरी दूरध्वनी करून एक मोठी पाहणी झाली. त्या वर्षी सुमारे १६ लाख ८३ हजार मुले घर सोडून गेली किंवा घराबाहेर काढली गेली, असा अंदाज तीतून निघाला. त्यांपैकी बेपत्ता म्हणून शोधासाठी नोंद झाली ती फक्त २१ टक्के मुलांची.

या पाहणीत ‘पळून गेलेली’ आणि ‘घालवून दिलेली’ मुले एकत्र मोजली होती, हे लक्षात घ्यावे. ‘चालता हो, पुन्हा तोंड दाखवू नकोस’ असे ऐकून निघालेल्या मुलाला कोणत्या गटात घालणार? बाप म्हणेल, पळून गेला. मुलगा म्हणेल, हाकलले.

आपल्याकडील आकडे वाचतानाही अशीच काळजी घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर अठरा वर्षांखालील मूल बेपत्ता झाले की प्रथम अपहरणाचा गुन्हा नोंदवला जातो. त्यामुळे ‘अपहरण’ या सदराखाली आपणहून घर सोडलेली मुलेही येतात.

धोका दोन्ही टोकांना

वरील पाहणीतील ७७ टक्के मुले आठवड्याच्या आत परतली होती. म्हणजे प्रश्न किरकोळ आहे असे वाटेल. परंतु ७१ टक्के मुलांच्या बाबतीत धोक्याचे एखादे तरी कारण आढळले. त्यांत एक कारण आपल्याला थबकवणारे आहे : सुमारे २१ टक्के मुलांना आदल्या वर्षभरात घरीच मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसावा लागला होता, अथवा परतल्यावर तसे होईल अशी भीती होती. धोका रस्त्यावर आहे, तसा तो काहींच्या घरातही असतो.

भारत सरकारच्या २००७ च्या अभ्यासात १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलण्यात आले. त्यांपैकी दर तिघांतील दोघांनी शारीरिक मारहाण सोसली होती. मार, परीक्षेतील अपयश, घरातील दारू, मुलींच्या बाबतीत लहान वयात ठरवलेले लग्न, अशी कारणे एकावर एक साचत जातात. शेवटचे भांडण हे केवळ निमित्त असते.

बाहेर पडल्यावर मुलाला तीन गोष्टी लागतात : जेवण, झोपायला जागा आणि पैसे. या देऊ करणारा पहिला माणूस कोण, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. खिसा रिकामा झाला की नकार देण्याची ताकद कमी होते. काम, नशा आणि लैंगिक शोषण यांचे सापळे येथेच लागतात.

वयाचाही भाग आहे. गार्डनर व स्टाइनबर्ग यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळात किशोरवयीन मुलांनी मित्र जवळ असताना एकट्यापेक्षा जास्त जोखीम घेतली. प्रौढांत असा फरक पडला नाही. ‘चल, जाऊ या’ म्हणणारा सोबती असला की बेत कृतीत उतरतो, तो असा.

आपण काय करावे?

सापडलेल्या मुलाविषयी १०९८ या मोफत क्रमांकावर किंवा पोलिसांना कळवावे. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार अशा मुलाला २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. परस्पर घरी पोचवण्याची घाई करू नये. ते मूल का निघाले हे विचारण्याची संधी समितीपुढे मिळते, आणि घरच धोक्याचे असेल तर दुसरी सोय करता येते.

शाळेचे काम मात्र त्याआधीच सुरू होते. वारंवार गैरहजेरी, अंगावरचे वळ, अचानक आलेला अबोला, निकालाच्या आधीची धास्ती : हे सर्वात आधी दिसते ते वर्गशिक्षकाला. आणि मूल परत आले, तर वर्गासमोर त्याची उलटतपासणी घेऊ नये. अपमान झाला तर ते पुन्हा निघण्याचा संभव वाढतो. त्याला जागेवर बसू द्यावे, बुडालेला अभ्यास द्यावा आणि नंतर एकट्याला एवढेच विचारावे, ‘घरी जायला भीती वाटते का?’ उत्तर लगेच येणार नाही. पण हा प्रश्न विचारणारे कोणी शाळेत आहे, हे त्याला कळलेले बरे.