दहा हजारांत कुठला फोन?

मालेगावात यंत्रमागांची सुटी शुक्रवारी. खडखडाट थांबला की बाजार भरतो आणि मोबाइलच्या दुकानांपुढेही गर्दी होते. मागावरचा कारागीर असो, झोडगे-उमराण्याकडून आलेला कांद्याचा शेतकरी असो, की मुलीच्या कॉलेजसाठी फोन बघायला आलेली आई. प्रश्न एकच, आठ ते दहा हजारांत कुठला घ्यावा? दुकानदार चार आकडे सांगतो. कॅमेरा पन्नास मेगापिक्सेल, बॅटरी पाच हजार, रॅम आठ, वर ५जी. हे आकडे सहसा खोटे नसतात. पण या किमतीच्या बहुतेक फोनांवर ते जवळपास सारखेच छापलेले असतात, मग त्यांवरून निवड करायची कशी? फोन वर्षभरानं चांगला की वाईट ठरतो तो खोक्यावर मोठ्या अक्षरांत न छापलेल्या गोष्टींवरून. आणि मालेगावचं ऊन, कारखान्यातली उडती रुई नि कामानं राठ झालेली बोटं यांचा विचार तर खोक्यावर कुठेच नसतो.

म्हणून सुरुवात काचेपासून करू.

स्पर्शानं चालणारे जुने पडदे दाबावर चालत. वर लवचीक थर, खाली काच, मधे बारीक फट. दाबलं की दोन्ही थर टेकायचे. त्यामुळे नखानं, काडीनं, कशानंही ते चालत, फक्त जोर द्यावा लागे. २००७ नंतर फोनमधून ते हळूहळू गेले आणि आजचे पडदे आले. यांना दाब नको, वीज वाहून नेणारं काहीतरी जवळ यायला हवं. काचेखाली इंडियम टिन ऑक्साइड या पारदर्शक आणि विजेला वाट देणाऱ्या पदार्थाच्या अतिशय पातळ रेघा असतात, काही उभ्या, काही आडव्या. मागावर काम केलेल्या माणसाला हे लगेच कळेल: ताणा आणि बाणा जसे एकमेकांना छेदतात तशाच या रेघा, फक्त इथे त्या एकमेकींना टेकत नाहीत. प्रत्येक छेदाशी विजेचा अगदी थोडा भार साठलेला असतो. आपलं शरीर ओलसर, क्षारयुक्त, म्हणजे विजेचं वाहक. बोट काचेजवळ आलं की त्या छेदाजवळच्या विजेच्या क्षेत्राचा थोडा भाग बोटाकडे ओढला जातो. पडद्यामागची एक छोटी चिप सगळे छेद सेकंदाला शंभराहून अधिक वेळा तपासत असते. कुठे किती घट झाली ते ती मोजते, शेजारच्या छेदांशी ताडून बघते आणि बोटाचा मध्य नेमका कुठे आहे ते ठरवते.

एवढं कळलं की रोजच्या बऱ्याच तक्रारींचा उलगडा होतो. पाण्याचा थेंबही वीज वाहून नेतो, म्हणून घामानं ओल्या पडद्याला खरं बोट आणि थेंब यांतला फरक कळेनासा होतो. उलट, राठ झालेल्या बोटाची कातडी जाड आणि कोरडी असते. ती बोटातला ओलावा काचेपासून लांब ठेवते आणि चिपला होणारी घट फार लहान दिसते. धागे जोडणाऱ्या किंवा शेतात राबणाऱ्या हातांना स्वस्त फोन ‘ऐकत नाही’ तो यामुळे. वरून जाड टेम्पर्ड ग्लास बसवली की बोट आणखी लांब गेलं. काही फोनांच्या सेटिंगमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवायची सोय असते. ती आहे का, हे दुकानातच बघावं. घरच्या मोठ्या माणसांसाठी फोन घेत असाल तर हमखास.

आणखी एक तक्रार नेहमीची: चार्जिंगला लावला की फोन आपोआप टाइप करतो. अनेकांना वाटतं फोनमध्ये व्हायरस शिरला. बऱ्याचदा दोष चार्जरचा असतो. हलक्या चार्जरमधून विजेचा गोंगाट फोनमध्ये शिरतो आणि छेदांवरची मोजणी बिघडते. चार्जर काढताच पडदा शहाणा झाला, तर आधी चार्जर बदलावा, फोन नव्हे.

परीक्षा सोपी आहे. फोटोंच्या ॲपमध्ये किंवा नोट्समध्ये बोटानं एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ अगदी सावकाश ओढायची. रेघ मधेच तुटली किंवा पायऱ्या-पायऱ्यांची आली तर तो टच कच्चा. मग एखादं चिन्ह दाबून धरून पडद्याच्या चारही कडांवरून फिरवायचं. मधे कुठे हातातून सुटतं का ते बघायचं. शेवटी कीबोर्ड उघडून आपल्या भाषेत दोन ओळी लिहायच्या, मराठीत किंवा उर्दूत. ‘क्ष’, ‘ज्ञ’ आणि जोडाक्षरं लिहिताना अंगठा शेजारच्या कळीवर जात असेल तर तो फोन तुमच्या हातासाठी नाही, मग कितीही स्वस्त असो. दुकानदार घाई करेल. करू द्या.

पडदा फुटला तर काय, हेही आत्ताच विचारावं. आजकाल काच, टच आणि डिस्प्ले एकत्र चिकटवलेले असतात, दुकानातली मंडळी त्याला कॉम्बो म्हणतात. तो सगळाच बदलावा लागतो. स्वस्त फोनात हा खर्च फोनाच्या किमतीच्या मानानं जड जातो, मग लोक ‘कॉपी’ डिस्प्ले टाकतात आणि टच पहिल्यासारखा राहत नाही. कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर मालेगावात आहे की त्यासाठी धुळे-नाशिक गाठावं लागेल, याचं उत्तर पाचशे रुपयांच्या सवलतीपेक्षा महत्त्वाचं.

आता ऊन. पडद्याचा उजेड निट या एककात मोजतात. या किमतीत साधारण ४०० ते ५०० निटचे पडदे सर्रास मिळतात. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली ते झगझगीत दिसतात, पण दुपारी बांधावर उभं राहिलं की आकडे वाचायला फोनवर हाताची सावली धरावी लागते. खोक्यावर याहून मोठा आकडा असेल तर बहुतेक वेळा तो कडक उन्हात काही वेळापुरता वाढवलेल्या उजेडाचा असतो. त्यालाही अर्थ आहे, पण फोन हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात या, उजेड पूर्ण वाढवा आणि एखादा मेसेज वाचा. आकड्यापेक्षा हे खरं. ९० किंवा १२० हर्ट्झचा पडदा सरकताना गुळगुळीत दिसतो. छान वाटतं, पण त्यासाठी उजेडाशी तडजोड करू नये.

सगळ्यात जास्त फसगत होते ती मेमरीत. रॅम म्हणजे चालू कामाची जागा आणि स्टोरेज म्हणजे साठवणीची. ‘आठ जीबी’ म्हणून विकलेल्या फोनावर बारीक अक्षरांत ‘चार अधिक चार’ लिहिलेलं असतं. त्यातली पहिली चार खरी. बाकीची चार साठवणीतून उसनी घेतलेली असतात, आणि साठवण रॅमपेक्षा कितीतरी संथ असते. त्यामुळे विचारायचं ते एवढंच: खरी रॅम किती? आजच्या कामाला चार जीबीपेक्षा कमी घेऊ नये, सहा मिळाली तर उत्तम.

साठवणीतही दोन जाती आहेत. जुनी ईएमएमसी आणि नवी यूएफएस. ईएमएमसी सेकंदाला साधारण अडीचशे-तीनशे एमबी वाचते, तर ‘यूएफएस २.२’ ही जात हजार एमबीच्या आसपास जाते. आठ-दहा हजारांच्या पट्टीत दोन्ही भेटतात आणि विक्रेता आपणहून सांगत नाही. ॲप उघडायला लागणारा वेळ, कॅमेरा सुरू होताना होणारी रखडपट्टी यांत हा फरक मेगापिक्सेलपेक्षा जास्त जाणवतो.

फोन सहा महिन्यांनी ‘जड’ का होतो, त्याचं कारणही इथेच सापडतं. साठवणीच्या चिपमध्ये जुन्या मजकुरावर सरळ नवा मजकूर लिहिता येत नाही. आधी एक अख्खा गठ्ठा पुसावा लागतो, त्याआधी त्यातला कामाचा भाग दुसरीकडे हलवावा लागतो. मोकळी जागा भरपूर असली की हे निवांत होतं. ६४ जीबीच्या फोनमध्ये पंधरा-वीस जीबी प्रणालीच खाते, उरलेल्यात कुटुंबाच्या चार ग्रुपांतले सुप्रभातचे फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ येऊन बसतात, आणि हलवाहलवीला जागाच उरत नाही. मग फोन अडखळतो. शक्य असेल तर १२८ जीबी घ्यावा आणि व्हॉट्सॲपमधलं फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवून घेणं पहिल्याच दिवशी बंद करावं. मेमरी कार्डाची जागा वेगळी आहे, की दुसऱ्या सिमच्या जागी कार्ड घालावं लागतं, हेही बघून घ्यावं.

बॅटरी पाच हजार एमएएच, हे आता जवळपास सगळीकडे. तिचा खरा वैरी म्हणजे उष्णता. लिथियम बॅटरीतल्या नको त्या रासायनिक क्रिया तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की दुपटीच्या आसपास वेग घेतात. मालेगावचा पारा एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी सहज ओलांडतो, आणि बहुतेक फोन पस्तीस-चाळीस अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. पत्र्याच्या शेडमध्ये चार्जिंगला लावलेला, वर जाड कव्हर घातलेला फोन स्वतःच चार्जिंग मंदावतो, उजेड कमी करतो. तो बिघाड नसतो, स्वतःला वाचवणं असतं. त्यामुळे उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्री चार्ज करावा, कव्हर काढून. दुचाकीच्या हँडलवर भर उन्हात लावलेल्या फोनची बॅटरी दुसऱ्या उन्हाळ्यात मान टाकते. कारखान्यात काम करणाऱ्यांनी चार्जिंगच्या खोबणीकडेही लक्ष ठेवावं. रुई आत दाबली जाऊन पिन पूर्ण बसत नाही, आणि मग ‘चार्जिंग पोर्ट गेला’ म्हणून खर्च होतो. फोन बंद करून लाकडी दातकोरणीनं अलगद काढली तर पुष्कळदा तेवढ्यानं भागतं. जाता जाता, घेताना व्हायब्रेशनही तपासा. मागांच्या आवाजात रिंग ऐकू येत नाही.

कॅमेऱ्याबद्दल फार लिहीत नाही. कमी पैशांत चित्र उभं करायला या गावाला कुणी शिकवायला नको. इथल्याच नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर केला आणि इथल्या सिनेमांत सायकलचीच ट्रॉली झाली. पन्नास मेगापिक्सेलचा सेन्सर चार-चार ठिपके एकत्र करून साधारण साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. मागची दोन मेगापिक्सेलची जादा भिंगं बहुतांशी शोभेला. तपासायचं ते हे: दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एखाद्या बिलाचा जवळून फोटो काढा आणि बारीक अक्षरं वाचता येतात का बघा. आधार, सातबारा, क्यूआर, सगळं याच्यावरच चालतं. शेतकऱ्यासाठी जीपीएसही मोलाचं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्याच गटात उभं राहून फोटो काढून पिकाची नोंद करायची असते. मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन साधारण पाच मीटरच्या आत जागा दाखवतो. घेण्यापूर्वी दुकानाबाहेर नकाशा उघडा. निळा ठिपका दोन गल्ल्या पलीकडे भटकत असेल आणि मिनिटभरातही जागेवर येत नसेल, तर दुसरा फोन बघा.

५जी म्हटलं म्हणजे आपल्या सिमवर ५जी चालेलच असं नाही. जिओचं ५जी स्वतंत्र पद्धतीचं आहे. एअरटेलनं ते सुरू केलं तेव्हा आपल्या ४जीच्या आधारानं चालणाऱ्या पद्धतीचं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ८,४९९ रुपयांपासून आलेल्या रेडमी ए४ ५जीमध्ये फक्त पहिली पद्धत होती, त्यामुळे एअरटेलच्या सिमवर तो ४जीवरच राहणार होता. उपाय एकच, आपलं सिम दुकानातल्या डेमो फोनमध्ये घालून बघायचं.

सुरक्षा-दुरुस्त्या किती वर्षं मिळणार, हे कुणी विचारत नाही. फोनमध्ये बँक आली आहे, म्हणून विचारावं. शिवाय अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांची साथ ॲप सोडत जातात. १ जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सॲपनं ४.४ ची सोडली. सॅमसंगनं ऑक्टोबर २०२४ मध्ये गॅलेक्सी ए१६ ५जीला सहा वर्षांच्या दुरुस्त्यांचं वचन दिलं, पण तो फोन आपल्या बजेटच्या बराच वरचा. दहा हजारांत तीन-चार वर्षांच्या सुरक्षा-दुरुस्त्या मिळत असतील तर ठीक.

पैशांचं बोलू. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठे टीव्ही आणि एसी यांवरचा जीएसटी उतरला, मोबाइलवरचा १८ टक्केच राहिला. म्हणजे दहा हजारांच्या फोनात १,५२५ रुपये कर आधीच धरलेला असतो. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ हे वाक्य त्यातून येतं. ते स्वीकारू नये; बिलावर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळखक्रमांक, नसेल तर वॉरंटी आणि चोरीची तक्रार, दोन्ही अडतात. बिनव्याजी हप्त्यांतही प्रोसेसिंग फी असते, ती धरून एकूण किती भरतो ते कागदावर मांडावं. शिवाय हप्त्यावर घेतलेल्या काही फोनांत, हप्ता थकला की फोनच कुलूपबंद करणारं ॲप बसवलेलं असतं. सही करण्यापूर्वी ते विचारावं.

वापरलेला फोन घेणं वाईट नाही. पाच-सहा हजारांत दोन वर्षं जुना चांगला फोन नव्या हलक्या फोनाला मागे टाकतो, टच आणि पडद्यात तर नक्कीच. फक्त *#०६# दाबून येणारा १५ अंकी आयएमईआय क्रमांक बिलाशी आणि खोक्याशी जुळवावा, मग ‘केवायएम’ ही इंग्रजी अक्षरं, जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवावा. सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरही हे होतं. काळ्या यादीतला किंवा डुप्लिकेट असं उत्तर आलं तर फोन तिथेच ठेवून निघावं. सगळं ठीक असेल तर आधीच्या मालकाकडून त्याचं गुगल खातं समोरच काढून घ्यावं, नाहीतर रिसेट केल्यावर फोन त्याचाच पासवर्ड मागत बसतो.