शिल्लक रकमेचा खरा अर्थ

व्यापाऱ्याच्या हिशेबात मुख्य प्रश्न नफ्याचा असतो. सार्वजनिक हिशेबात तो विश्वासाचा असतो. रक्कम ज्या कामासाठी मिळाली त्याच कामी ती लागली काय, हे तेथे दाखवावे लागते. म्हणूनच राज्यघटनेच्या अनुच्छेद २६६ व २६७ अन्वये राज्याचा पैसा एकत्रित निधी, लोकलेखा व आकस्मिकता निधी अशा तीन भागांत ठेवला जातो. कर व कर्जे एकत्रित निधीत जमा होतात. विधिमंडळाने विनियोजनाचा कायदा संमत केल्यावाचून त्यातून खर्च करता येत नाही. भविष्यनिर्वाह निधी, ठेवी अशा परत करावयाच्या रकमा लोकलेख्यात राहतात.

हाच विचार ग्रामपंचायतीलाही उपयोगी आहे. समजा, बँकेत ५ लाख रुपये शिल्लक आहेत. त्यांपैकी ३ लाख पाणीपुरवठ्याच्या अनुदानाचे व १ लाख ठेकेदाराच्या अनामतीचे आहेत. उरलेल्या १ लाखातून ६० हजारांचे वीजबिल द्यावयाचे आहे. म्हणजे इतर कामांसाठी हाती ४० हजारच उरतात. रोकडवहीत हे थकलेले देणे दिसत नाही; उपार्जन पद्धतीत ते दिसते.

जिल्हा परिषदेने पंचायतीला दिलेले अनुदान एकीकडे खर्ची, तर दुसरीकडे जमा पडते. दोन्ही संस्थांचा एकत्रित हिशेब मांडताना ते दोन्हीकडून वगळले नाही, तर एकच रुपया दोनदा मोजला जातो.

यास्तव ग्रामसभेपुढे शिल्लक सांगताना ती कशासाठी राखलेली आहे, हेही सांगितले जावे. गावाला आपल्या पैशाचा खरा हिशेब तेव्हाच कळतो.