माती, कडबा आणि गव्हाण

चित्रकला म्हटली की कागद, कुंचला आणि रंगांची पेटी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु फळीवर कापड चिकटवावे, त्यावर माती थापावी, मातीत धान्य रोवावे आणि या सर्वांतून एकच आकृती सिद्ध करावी, अशीही एक कला आहे. तिला आज मिश्रमाध्यम असे नाव आहे. पिकासोने १९१२ साली वेताच्या विणीची नक्षी छापलेले मेणकापड आपल्या चित्रात चिकटवले व चित्राभोवती दोराची चौकट दिली. तेथूनच या कलेची कथा आरंभण्याचा प्रघात पडला आहे.

मला तो आरंभ फार अलीकडचा वाटतो. हुबळीहून गदगमार्गे होसपेटकडे जाणाऱ्या आगगाडीने कोप्पळला उतरावे. तेथून जवळच किन्हाळ नावाचे गाव आहे. तेथील चित्रगार घराणी पिढ्यान्‌पिढ्या देवादिकांच्या मूर्ती, गरुड-मारुती, पशुपक्षी आणि खेळणी घडवीत आली आहेत. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरातील छतावरची चित्रे आपल्याच पूर्वजांनी काढली, अशी त्यांच्यात परंपरा सांगतात. त्यांची मूर्ती नुसत्या लाकडाची नसते. हलक्या लाकडाचे निरनिराळे भाग जोडावयाचे. सांधे बुजविण्यासाठी चिंध्या भिजवून, वाळवून त्यांची भुकटी करावयाची, ती लाकडाच्या भुशाबरोबर चिंचोक्याच्या खळीत कालवावयाची. अंगावरचे दागिने उठावदार दिसावेत म्हणून दगडाची पूड डिंकात घोटून ती वर चढवावयाची. शेवटी पांढरा हात, मग रंग. सोन्यारुप्याची झाक आणण्यासाठी जुने कारागीर कथिलाचा उपयोग करीत. लाकूड, कापड, बी, दगड आणि धातू एका गरुडाच्या अंगी एकत्र नांदतात! यास मिश्रमाध्यम म्हणावयाचे नाही, तर कशास?

या मिश्रणात कारागिराची भक्ती आहे, तशी अक्कलही आहे. ओली माती वाळताना तिच्यातील पाणी जाते, ती आकसते आणि भेगाळते. नवलगुंदकडील काळ्या रानाची उन्हाळ्यात काय दशा होते, हे आपण पाहतोच. मात्र त्याच मातीत कापसाचे वा तागाचे तंतू, कोंडा किंवा भुसा मिसळला, तर तो तिला आतून धरून ठेवतो. किन्हाळच्या लगद्यातील चिंध्यांचे काम हेच.

आपल्या धारवाडाला तर निसर्गाने दोन्ही हातांनी दिले आहे. पश्चिमेस मलनाडची तांबडी माती, पूर्वेस मैदानाची काळी. ज्येष्ठी अमावास्येला येथे घरोघर मातीचे बैल येतात. कानडीत तिला मण्णेत्तिन अमावास्ये, म्हणजे मातीच्या बैलांची अमावास्या, म्हणतात. महाराष्ट्रात पोळ्याचा मातीचा बैल येतो तो श्रावण सरताना. इकडे तो पेरणीच्या तोंडी येतो, रानातील माती नुकती भिजलेली असताना. श्रद्धा आणि ऋतू यांची गाठ कोणा पंडिताने घातलेली नाही. ती कुंभाराच्या चाकाजवळ आपोआप पडली आहे.

आम्हां ख्रिस्ती लोकांच्या घरी हीच गाठ नाताळच्या गव्हाणीत पडावयास हवी. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या गावी ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला, तेव्हा त्यांनी चित्र टांगले नाही. त्यांनी खरे गवत अंथरले आणि खरा बैल व खरे गाढव आणून उभे केले. आपण मात्र धारवाडच्या डिसेंबरात, बाहेर काळ्या रानात ज्वारी डुलत असताना, गव्हाणीवर कापसाचे बर्फ पसरतो! कापूस या मुलखाचे वैभव. त्याला कापूस म्हणून मान न देता न पाहिलेल्या बर्फाचे सोंग घ्यावयास लावणे, हे मला पटत नाही. गोव्यात गव्हाणीसाठी नाचणी पेरून हिरवे अंकुर वाढवितात, ती रीत कितीतरी सरस.

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी वैद्यकीचे शिक्षण सोडले, शांतिनिकेतनात धडे घेतले आणि पवित्र मरियेला साडी नेसवून चित्रित केले. स्वधर्मीयांनीच त्यांच्यावर टीकेचा भडिमार केला. ते पुण्यास आले, तेथील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढीत राहिले. बंगालमध्ये जामिनी राय यांनी ख्रिस्ती नसताना ख्रिस्ताची चित्रे काढली, आणि तीही विलायती तैलरंग सोडून, दगडाची भुकटी, नीळ, काजळी आणि आपल्या किन्हाळचाच तो चिंचोका वापरून. पुढे ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक दस्तऐवजात स्पष्ट केले की, कोणतीही एक कलाशैली ख्रिस्तसभेने आपली म्हणून ठरविलेली नाही. फोन्सेकांनी हे त्याआधी कित्येक वर्षे कुंचल्याने सांगितले होते. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज गोव्यात पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात पाहावयास मिळतो.

ज्या पालकांना मुलांकडून असे काही करवून घ्यावयाचे असेल, त्यांनी जाड फळी घ्यावी. पातळ पुठ्ठा ओलाव्याने वाकतो. प्रथम जुने सुती कापड खळीने घट्ट बसवावे व पुरते वाळू द्यावे. मग कोंडा मिसळलेली काळी माती पातळ थरांनी चढवावी. एकदम जाड थर दिला की तडा ठरलेलाच. गोठ्याचे छप्पर कडब्याच्या ताटांचे करावे, वाट तांबड्या मुरमाची. धान्य माती अर्धवट ओली असतानाच रोवावे, नंतर ते धरत नाही. खळीला कीड लागते म्हणून पुस्तकबांधणीवाले तीत मोरचूद घालतात. पण ते विषारी असल्यामुळे मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. त्यापेक्षा खळ रोज ताजी शिजवावी. एवढे सारे वाळावयास आठवडा तरी लागतो, तेव्हा नाताळच्या गव्हाणीचे काम डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच हाती घेतलेले बरे.