पावसाळा, अक्रोड आणि शिकारी रायफलीचा दस्ता

माळव्यातल्या जुन्या मराठी घरात शिकारी रायफल असेल, तर तिची ओळख ठरलेल्या पद्धतीने करून दिली जाते. कंपनी कोणती, बोअर कोणता, आणि पणजोबांनी तिने काय मारलं. लाकडाबद्दल कुणी बोलत नाही. दस्ता म्हणजे बंदूक धरायची सोय, एवढीच समजूत. म्हणूनच जुना दस्ता तडकला की तो काढून काळा, फायबरचा बसवून घ्या, असा सल्ला सहज दिला जातो आणि तो कुणाला खटकतही नाही.

यंत्र म्हणून पाहिलं तर मागणीबरहुकूम घडवलेल्या रायफलीत दस्ता हा सर्वांत अवघड भाग. इतिहासाचं साधन म्हणून पाहिलं तर तो सर्वांत बोलका. सिंथेटिक दस्ता का निघाला, हे कळलं की जुना लाकडी दस्ता का जपायचा, हेही कळतं.

मुलूख आणि शिकार

खातेगाव, कन्नोद, नेमावर हा नर्मदेच्या उत्तरेचा पट्टा पूर्वी होळकरांच्या इंदूर संस्थानात होता. देवासला पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन संस्थानं, धारला पवारांचंच तिसरं. 1948 मध्ये ही सगळी मध्य भारत संघात विलीन झाली. वर विंध्याची सागवानी रानं, खाली नर्मदा. आजचं खिवनी अभयारण्य याच रानात आहे. इंदूरजवळचं राळामंडल हे होळकरांचं शिकारगाह. टेकडीवरची ती इमारत अजून उभी आहे आणि 1989 पासून तो परिसर अभयारण्य आहे.

संस्थानिक, सरदार, जहागीरदार, वरिष्ठ अंमलदार अशा मंडळींच्या शिलेखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तोड्याच्या बंदुकांशेजारी नवी हत्यारं आली: दुनाळी एक्स्प्रेस रायफली आणि थोड्याच काळात बोल्ट ॲक्शनच्या. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधलं संग्रहालय पाहिलं की मराठी संस्थानी शिकारीचा थाट ध्यानात येतो. माळव्यातला थाट त्याच जातीचा होता.

रायफल म्हणजे तीन वस्तू

बोल्ट ॲक्शन रायफल ही खरं तर तीन वस्तूंची जोडणी. पहिली नळी. तिच्या आत पेचदार खाचा असतात, त्या गोळीला फिरकी देतात आणि फिरकीमुळे गोळी सरळ जाते. दुसरी ॲक्शन, म्हणजे काडतूस आत ढकलणारी, मागून कुलूप लावणारी आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकणारी यंत्रणा. दाराच्या कडीसारखा बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली पाडायचा. तिसरा दस्ता. त्यात पहिल्या दोन वस्तू बसतात आणि तो शिकाऱ्याच्या खांद्याला टेकतो.

ॲक्शनमध्ये जर्मनीच्या माउझर कारखान्याचा 1898 चा नमुना मैलाचा दगड ठरला. बोल्टच्या पुढच्या टोकाला दोन भक्कम खुंट्या, मागे राखीव तिसरी, आणि काडतुसाची कड घट्ट पकडणारा लांब आकडा. वाघ अंगावर येताना दुसरं काडतूस अडकलं तर तिसरी संधी मिळत नाही, म्हणून या आकड्याला शिकारी फार मानत. इंग्लंडच्या रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स, जेफरी या कारखानदारांनी माउझरच्या ॲक्शनवर आपापल्या शिकारी रायफली बांधल्या. जिम कॉर्बेटची प्रसिद्ध .275 रिग्बी याच घराण्यातली. 1907 मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल ती त्यांना भेट मिळाली होती.

ब्रिटिश लष्कराची ली-एनफील्ड वेगळ्या घडणीची. तिच्या बोल्टच्या खुंट्या मागच्या बाजूला. हात झपाट्याने चालतो, पण खुंट्या मागे असल्याने दाबाखाली बोल्ट जरा जास्त दबतो. आपल्याकडे सर्वसामान्य परवानाधारकाच्या हाती जी बोल्ट ॲक्शन पडली, ती मुख्यतः याच घडणीची.

बोअरचं कोडं

जुन्या परवान्यांवर .315 हा आकडा वारंवार दिसतो. लष्कर .303 वापरत असताना हा वेगळा बोअर कशाला? कारण सरकारी आहे. लष्कराचं काडतूस चोरून किंवा फितुरीने बाहेर गेलं तर ते खाजगी रायफलीत चालू नये, हे धोरण. म्हणून .303 खाजगी माणसाला बंद. त्याला मिळाली .315, म्हणजे ऑस्ट्रियाचं जुनं 8 मिलिमीटर मानलिखर काडतूस चालवणारी ली-एनफील्ड. आधी इंग्लंडच्या बीएसएने ती केली, पुढे बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याने.

मोठ्या बोअरलाही हाच न्याय लागला. जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्रीचा बोअर .450 होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात .450 वर बंदी आली, तेव्हा लंडनच्या कारखानदारांनी .465, .470, .475 असे नवे बोअर काढले. जगभर नावाजलेले हे आकडे इथल्या सरकारच्या 1857 नंतरच्या धास्तीतून निघाले आहेत. तेव्हा बोअर हा तांत्रिक तपशील तर आहेच, पण तो राजकीय दस्तऐवजही आहे.

दस्ता अंगाच्या मापाचा

मागणीबरहुकूम रायफल म्हणजे काय, तर शिंप्याकडे माप देऊन शिवलेला कोट. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी माणसाच्या हातावर ठरते, साधारण साडेतेरा ते सव्वाचौदा इंच. गाल कुठे टेकतो यावर दस्त्याचा उतार ठरतो. उजवा की डावखुरा, यावर त्याचा कल. मोठे कारखानदार माप घेण्यासाठी हलत्या सांध्यांची नमुना-बंदूक वापरत. रायफल खांद्याला लावली की डोळा आपोआप माशीच्या रेषेत यायला हवा. मचाणावर अंधुक उजेडात मान वाकडी करून नेम शोधायला वेळ कुठला?

म्हणून नळी आणि ॲक्शन कारखान्याची असते, पण दस्ता मालकाचा असतो. मालक कसा होता, हे दस्ता सांगतो.

लाकूड पाणी पितं

दस्त्याला लाकूड अक्रोडाचं. ते धक्का सोसतं, वजनाला बेताचं असतं, कोरायला गोड असतं. आपलं सागवान आणि शिसव उत्तम, पण अक्रोडाचा तोल त्यांना साधत नाही. तरीही अक्रोड शेवटी लाकूडच. पावसाळ्यात घराचं दार फुगून चौकटीत अडकतं, उन्हाळ्यात पुन्हा सैल होतं. दस्त्याचंही तेच.

हिशेब मांडून पाहू. हवेची आर्द्रता 30 टक्के असेल तर लाकडातलं पाणी सुमारे 6 टक्क्यांवर स्थिरावतं, 80 टक्के असेल तर सुमारे 16 टक्क्यांवर. माळव्याचा मे आणि ऑगस्ट यांत साधारण असाच फरक. काळा अक्रोड ओला असल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत वर्तुळरेषांच्या दिशेने सुमारे 7.8 टक्के आकसतो, लांबीच्या दिशेने नगण्य. हा बदल ओलाव्याच्या साधारण 28 टक्क्यांच्या टप्प्यात होतो. म्हणजे 10 टक्के ओलावा बदलला तर पावणेतीन टक्के फरक. 50 मिलिमीटर रुंदीला तो जवळजवळ दीड मिलिमीटर भरतो. तेल मुरवलेलं असतं, लाकूड पाणी सावकाश घेतं, त्यामुळे प्रत्यक्षात फरक कमी पडतो. पण रायफलीला एवढा लागतच नाही.

600 मिलिमीटर लांबीची नळी मागे ॲक्शनमध्ये पक्की धरलेली आहे आणि फुगलेल्या दस्त्याने तिचं टोक फक्त 0.1 मिलिमीटर बाजूला ढकललं, असं धरा. एका टोकाला पक्क्या केलेल्या दांड्याचं गणित लावलं तर टोकाचा कोन दीडपट 0.1 भागिले 600, म्हणजे 0.00025 बदलतो. 100 मीटरवर गोळी 25 मिलिमीटर सरकते. ॲक्शनवर दुर्बीण बसवली असेल तर हा फरक पूर्ण दिसतो; माशी नळीवरच असेल तर थोडा झाकला जातो. 0.1 मिलिमीटर म्हणजे साध्या कागदाची जाडी. शिवाय बार उडताना नळी तारेसारखी थरथरते, आणि दस्ता तिला एका जागी जास्त टेकला की ती थरथरही बदलते.

दुसरं दुखणं धक्क्याचं. बार उडाला की ॲक्शन मागे लाथ मारते, आणि ती लाथ लाकडातल्या एका छोट्या खांद्यावर बसते. उन्हाळ्यात लाकूड आकसलं की स्क्रू सैल होतात, ॲक्शन किंचित हलू लागते आणि पुढच्या काही बारांत लाकूड चिरतं. तडा जातो तो बहुधा याच जागी किंवा मुठीच्या बारीक भागात.

ईशापूरचा स्क्रू

हे दुखणं कारखान्यालाही ठाऊक होतं. ईशापूरला रायफलीचा कारखाना 1904 चा. तिथे बनलेल्या ली-एनफील्डच्या पुढच्या लाकडात एक आडवा स्क्रू दिसतो, तो इंग्लंडच्या रायफलीत नसतो. लाकूड चिरू नये म्हणून तो एका बाजूने आरपार घालून कसलेला. संग्राहक त्याला ईशापूर स्क्रू म्हणतात. तो इथल्या हवेला इथल्या कारखान्याने दिलेला जबाब आहे. वर्षानुवर्षं तडकलेले दस्ते पाहून कुणा तरी मिस्त्रीला, कुणा तरी अभियंत्याला तो सुचला असणार.

सिंथेटिक दस्ता

मग लाकूडच काढून टाकलं तर? अमेरिकेच्या रेमिंग्टनने 1959 मध्ये नायलॉनच्या दस्त्याची .22 रायफल बाजारात आणली. पण मोठ्या रायफलीच्या बाबतीत निर्णायक धडा मिळाला तो व्हिएतनामच्या पावसात. अमेरिकन मरीन दलाच्या नेमबाजांच्या एम-40 रायफलींना अक्रोडाचे दस्ते होते. दमट जंगलात ते फुगले, नेम हलू लागले. पुढे 1970 च्या दशकात याच रायफलीच्या सुधारित नमुन्याला फायबरग्लासचा दस्ता बसवण्यात आला, आणि तिथून तो शिकारी रायफलींत रूढ झाला.

त्याचे दोन प्रकार समजून घ्यावेत. एक, काचतंतूंचं कापड राळेत भिजवून साच्यात थर देऊन केलेला. हा ताठ आणि भरवशाचा. दुसरा, साच्यात नायलॉन ओतून काढलेला. हा स्वस्त, पण पुढचा भाग लवचीक असेल तर हाताच्या दाबानेही नळीला लागतो. मग लाकडाचं दुखणं गेलं आणि प्लास्टिकचं आलं! पोकळ दस्त्याला काटकी घासली की डबा वाजल्यासारखा आवाज होतो, तो वेगळाच. आज मागणीबरहुकूम रायफल बांधणारे नळी दस्त्याला कुठेही न टेकता मोकळी ठेवतात आणि ॲक्शनखाली राळेची पक्की बैठक देतात. पाणी पिण्याचा प्रश्न त्याने मिटला.

आपल्या दृष्टीने गंमत काळाची आहे. 1970 मध्ये देशभर वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. पावसाळ्यावरचा हा इलाज जगात रूढ होत असताना इथली शिकार संपली होती. ती संपली हे योग्यच झालं. पण त्यामुळे माळव्यातल्या शिकारी रायफली बहुतेक लाकडाच्या दस्त्यासहच राहिल्या. कित्येक पावसाळ्यांचे वळ त्या लाकडावर आहेत, आणि शिकारकाळाचा हा पुरावा दुसरीकडे कुठे लिहून ठेवलेला नाही.

घरातल्या रायफलीचं काय करावं

परवानाधारक वारला की वारसाला परवाना तरी घ्यावा लागतो, नाही तर 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. मुदतीत विल्हेवाट झाली नाही तर ते सरकारजमा होऊ शकतं. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात, त्यामुळे कैक घरांतून तिसरं हत्यार बाहेर पडलं. रायफल गेली की तिची हकीकतही जाते.

तेव्हा जमा करण्याआधी नोंद करा. परवानाधारक विक्रेत्याकडून हत्यार रिकामं असल्याची खात्री करून घ्या, मग दोन्ही बाजूंचे फोटो काढा. नळीवरची अक्षरं, लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे ठसे, ईशापूरची खूण आणि साल उतरवून घ्या. दस्त्याची लांबी मोजा. गालाची झिजलेली जागा, तडे, पितळी पट्टीने केलेली दुरुस्ती, कोरलेली अक्षरं, आडवा स्क्रू, सगळं टिपा. पॉलिश करू नका, घासू नका. दुरुस्ती हवीच असेल तर ती परवानाधारक कारागिराकडून, आणि काढलेलं लाकूड मागून घ्या.

फायबरचा दस्ता नेमासाठी चांगला, यात वाद नाही. पण आता नेम धरायचा कशावर? आता या रायफलींकडून आपल्याला हवी आहे ती माहिती, आणि ती दस्त्याच्या लाकडात आहे.