वडापची नंबरप्लेट

बाजारच्या दिवशी एसटी चुकली की आपण वडापात बसतो. भाडं विचारतो, नंबरप्लेट मात्र बघत नाही. पिवळ्या पाटीवर काळे आकडे, तर गाडी भाड्यासाठी नोंदलेली. पांढऱ्या पाटीवर काळे आकडे, तर ती घरगुती; तिने पैसे घेऊन माणसं न्यायची नाहीत. अपघात झाला की विमा कंपनी नेमकी यावरच बोट ठेवते, आणि भरपाईसाठी कोर्टाचे हेलपाटे बाईच्या नशिबी येतात.

१९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार परमिटशिवाय भाडं मारलं, तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड आणि ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीही अडकवून ठेवता येते. परमिट असून अटी मोडल्या, तर मालकाचं म्हणणं ऐकून परमिट काही काळ थांबवता येतं किंवा रद्द करता येतं.

म्हणून ड्रायव्हरशी भांडू नका. तो बहुतेक वेळा रोजावरचा पोरगा असतो, आणि परमिट मालकाचं. भाड्याच्या गाडीवर दोन्ही बाजूंना मालकाचं नाव-पत्ता ठळक हवा, तो वाचा.

“तक्रार केली आणि वडापच बंद पडलं तर?” असं बायका आम्हाला विचारतात. भीती खरी आहे. म्हणून अर्जातच लिहा, की गाडी आम्हाला हवी आहे, पण नियमात बसणारी. आरटीओला गटाच्या नावाने अर्ज द्या. त्यात गाडीचा नंबर, तारीख, वेळ, मार्ग आणि किती माणसं कोंबली होती ते लिहा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.