ड्रोन उडवता येतो, मग अभ्यास कशाचा?

आजचा साधा ड्रोनही हवेत आपोआप स्थिर राहतो. वरच्या दर्जाचे ड्रोन तर समोर झाड आलं की थांबतात आणि बॅटरी उतरू लागली की उड्डाणाच्या जागी परततात. त्यामुळे ज्याचा हात बसला, त्याला परवाना म्हणजे निव्वळ सरकारी कागद वाटतो आणि तयारीही त्याच बेताने होते: स्टिकवर सराव करायचा आणि नियम आदल्या रात्री पाठ करायचे. मला ही तयारी उलटी वाटते. हाताचं बरंच काम यंत्रणेने उचललं आहे. उडावं की नाही, किती उंच, कोणत्या वाऱ्यात आणि कोणाच्या आकाशात, हे ठरवणं मात्र पायलटकडेच आहे. अभ्यासक्रमात हवामान, उड्डाणाची तत्त्वं, हवाई वाहतूक नियंत्रण आणि आणीबाणीची हाताळणी हे विषय असतात ते त्यासाठीच.

गोंधळाची सुरुवात परीक्षेच्या स्वरूपापासूनच होते. इंटरनेटवरचे बरेच व्हिडिओ अमेरिकेच्या परीक्षेविषयी आहेत. तिथे सोळा वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती घरी अभ्यास करून 60 प्रश्नांची, दोन तासांची लेखी परीक्षा देते. 70 टक्के गुण पुरतात आणि प्रत्यक्ष उड्डाणाची चाचणी नसते. भारतात तसं नाही. 25 ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनुसार आणि फेब्रुवारी 2022 च्या दुरुस्तीनंतर इथे रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. ते मिळवायचं तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) मान्यता दिलेल्या संस्थेत वर्ग, सिम्युलेटर आणि मैदानावरचं उड्डाण असं प्रशिक्षण घेऊन तिथली चाचणी पार करावी लागते. वय 18 ते 65 आणि शिक्षण किमान दहावी. पासपोर्टची सक्ती 2023 मध्ये काढली गेली, तरी ती अजून आहे असं समजून ग्रामीण भागातली मुलं मागे राहिली तर ते वाईटच. घरबसल्या व्हिडिओ पाहून मिळालेलं ‘सर्टिफिकेट’ ज्ञान देत असेल, पण ते हे प्रमाणपत्र नव्हे.

‘250 ग्रॅमखालच्या ड्रोनला कुठलाच नियम नाही’ हा समज अर्धाच खरा आहे, म्हणून जास्त घातक आहे. नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही हे बरोबर. मात्र त्या ड्रोनलाही रेड झोनमध्ये, म्हणजे मनाई असलेल्या आकाशात, परवानगीशिवाय शिरता येत नाही, आणि वजन मोजायचं ते सगळ्या जोडसामानासकट. 249 ग्रॅमच्या ड्रोनला पंख्याचे गार्ड लावले की तो मायक्रो वर्गात जातो, आणि मायक्रो ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर प्रमाणपत्र हवंच. शिवाय प्रमाणपत्र वर्गानुसार असतं. मायक्रोचं प्रमाणपत्र हातात असलं म्हणून 2 ते 25 किलोच्या स्मॉल वर्गातला फवारणीचा ड्रोन उडवता येत नाही.

उंचीबाबतचा घोळ याहून खोल आहे. ग्रीन झोनमध्ये 120 मीटर, म्हणजे 400 फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडता येतं, हे सगळे पाठ करतात. पण ही उंची ड्रोनच्या खाली असलेल्या जमिनीपासूनची आहे. बहुतेक ड्रोनच्या पडद्यावर दिसणारा आकडा मात्र उड्डाणाच्या जागेपासूनचा असतो. घाटमाथ्यावरच्या कड्यावरून ड्रोन पन्नास मीटर वर नेऊन पुढे दरीवर सरकवला, तर पडदा 50 च दाखवतो आणि खालची जमीन कित्येक ठिकाणी पाचशे मीटरहून दूर गेलेली असते. पायलटने काहीच बदललं नाही आणि मर्यादा केव्हाच ओलांडली गेली. ही मर्यादा मनमानी नाही. विमानतळापासून दूर, मोकळ्या प्रदेशावर दृश्य नियमांनी उडणाऱ्या विमानांची किमान उंची साधारण 500 फूट धरलेली असते. मधलं अंतर हीच माणसं बसलेल्या विमानाची सुरक्षितता.

‘हवामानाचा धडा विमानवाल्यांसाठी, आपल्याला काय उपयोग?’ असा आक्षेप नेहमी येतो. उत्तर आकड्यांत आहे. समुद्रसपाटीला 15 अंश सेल्सिअसला घनमीटरभर हवेचं वस्तुमान सुमारे 1.225 किलो असतं. चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या 45 अंशांत ते 1.1 किलोच्या खाली येतं, आणि साधारण 1350 मीटर उंचीच्या महाबळेश्वरला 30 अंशांत एक किलोच्या आसपास. हवा विरळ झाली की तेवढंच वजन उचलून धरायला मोटारींना जास्त शक्ती लागते. महाबळेश्वरच्या उदाहरणात ही वाढ जवळपास दहा टक्के होते, म्हणून ओझं तेच असलं तरी बॅटरी लवकर उतरते. वाऱ्याचंही तसंच. सेकंदाला 12 मीटर वेगाने जाणारा ड्रोन 8 मीटरच्या वाऱ्याबरोबर गेला तर जमिनीवरून 20 मीटर वेगाने धावतो, परतताना मात्र 4 मीटरने. चारशे मीटर जायला वीस सेकंद, यायला शंभर. बॅटरी अर्धी उरली की वळायचं, हा हिशेब इथे ड्रोन भलत्याच शेतात उतरवतो.

प्रमाणपत्र दहा वर्षांचं असतं, म्हणून काही जण ते दहा वर्षांची उड्डाणपरवानगी समजतात. ड्रोनचा विशिष्ट ओळख क्रमांक वेगळा लागतो. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात मर्यादा 200 फुटांवर येते, आणि त्यावर जायचं तर हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. राज्य सरकार किंवा पोलीस बंदोबस्तासाठी तात्पुरता रेड झोनही जाहीर करू शकतात. म्हणून सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा उड्डाणाच्या दिवशीच पाहावा लागतो, मागच्या आठवड्यात पाहिलेला चालत नाही.

यावर एक रास्त प्रश्न उरतो: एवढं सगळं असेल तर नमो ड्रोन दीदी योजनेत बचतगटातल्या महिला पाच दिवसांत पायलट कशा होतात? त्यांचं प्रशिक्षण पंधरा दिवसांचं आहे. पाच दिवस पायलटचे आणि त्यापुढचे दहा दिवस खतं व कीटकनाशकांच्या फवारणीचे. पाच दिवसांत शिकता येण्याजोगा पाया आहे, आणि दहावी झालेल्या माणसाला तो झेपतो, हे चांगलंच आहे. पण ज्या कामाचे पैसे मिळणार, त्या कामाला उड्डाणाच्या दुप्पट दिवस दिलेत, हे तयारी करणाऱ्याने पाहावं. मोजणी करायची असेल तर नकाशा आणि प्रतिमांचा, फवारणी करायची असेल तर औषधाच्या मात्रेचा आणि वाऱ्याने उडणाऱ्या तुषारांचा अभ्यास संस्थेत नाव घालण्याआधीच सुरू करता येतो. त्याला फीसुद्धा लागत नाही.